राहूच्या कांदाचाळीतला अल्बम

बँड काढला की गाणी कमी आणि किस्से जास्त जमतात. त्यात आमचा बँड दौंड तालुक्यातला, म्हणजे आधी संशय, मग चहा! मी यवतला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो आणि बेस गिटार वाजवतो. ड्रमवर निल्या. आणि गिटार वाजवत गाते आमची वैशाली. ब्लूज-रॉक गाते, आणि भारी गाते.

तिचा पहिला अल्बम इंग्रजीत होता. पुण्यातले लोक "छान, छान" म्हणाले आणि विसरले. दुसरा मराठीत करायचा म्हणून तिनं शिरूरकडच्या कंपनीतली क्वालिटी तपासणीची नोकरी सोडली. तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तेव्हाच सांगून ठेवलं, "ह्यो चालला तर चालला. न्हाईतर गुमान कामावर जायचं." रेकॉर्डिंगला राहू गावातली स्वतःची रिकामी कांदाचाळ मात्र दिली.

*

पहिल्याच दिवशी आप्पांनी विचारलं, "ब्लूज म्हंजी काय?"

निल्या म्हणाला, "दुःखाचं गाणं आप्पा. पण कमरेवर हात ठेवून म्हणायचं."

आप्पांचा चेहरा बदलला. "दुःख? वैशे, कोण काय बोललं का तुला? आन् गाण्यात 'तू गेलास' म्हणतीस, ह्यो गेलेला कोण?"

"कुणी नाही हो आप्पा!"

"कुणी न्हाई, तर मग एवढं वरडायला काय झालं?"

असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पुढचे आठ दिवस मी त्यांच्या घरी चहाला गेलो नाही.

*

एका गाण्यात उसाच्या पाल्याची सळसळ हवी होती. मी बांधावर स्टँड उभा केला, माइक लावला, कानाला हेडफोन. अर्ध्या तासात पाच मोटारसायकली हजर!

"कुठल्या रस्त्याची मोजणी चाललीय हितनं?"

"रस्ता नाही मामा, गाण्याचं रेकॉर्डिंग आहे."

"आधी असंच सांगत्यात!"

शेवटी वैशालीला चाळीतून बोलावून आणलं. तिनं उन्हात, बांधावर, अख्खं गाणं म्हणून दाखवलं. मंडळी गाड्यांवरून उतरून बांधावर बसली. एका म्हाताऱ्या मामांनी तर डोळे पुसले.

"गाणं खरं वाटतंय बाई," ते म्हणाले. "आता गट नंबर कुठकुठलं घेतल्यात, त्येवढं सांगा."

*

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? वैशाली रोज दुपारी फोन घेऊन चाळीच्या मागं जायची आणि हळू आवाजात बोलायची. मी निल्याला म्हणालो, "ही आपल्याला सोडून पुण्यातला बँड धरतेय. लिहून घे!"

एके दिवशी मी पाठोपाठ गेलो आणि उसात दडून बसलो. पाल्यानं मान कापली गेली, तरी हललो नाही.

ती कंपनीतल्या साहेबांशी बोलत होती. "सर, माझी जागा अजून दोन महिने भरू नका. वडिलांना शब्द दिलाय."

मी तसाच वाकून परत आलो. मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी मी एकही सूर चुकवला नाही. त्यावर निल्या म्हणाला, "तुझं आज काहीतरी काळंबेरं आहे."

*

अल्बम आला. त्यावर संपर्काला कांदाचाळीचा, म्हणजे आप्पांचा नंबर दिला होता. कौतुकाचा पहिला फोन आप्पांनीच उचलला.

"तुमची मुलगी फार छान गाते हो!"

"तुमाला काय करायचंय? आन् माझा नंबर कुठनं घावला?"

असे तीन-चार फोन त्यांनी परतवले. मग बरेच दिवस फोनच आला नाही. अल्बम पडला असं आम्ही धरून चाललो. वैशालीनं कामावर रुजू व्हायचा फॉर्म भरला, गिटारला खोळ घातली. सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट.

*

आदल्या दिवशी, रविवारी, कासुर्डीला लग्न होतं. आम्ही सगळेच गेलो होतो. मंडपात शिरतोय तोच डीजेच्या बॉक्समधून धाडकन वैशालीचं गाणं!

आप्पा तडक डीजेवाल्याकडं गेले. "बंद कर!"

त्यानं घाबरून बंद केलं. सगळा मंडप इकडं बघायला लागला. वैशालीनं मान खाली घातली.

"ह्ये गाणं कुठनं घेतलं?"

"मोबाइलवरनं, आप्पा."

"कुणाला इचारून?"

"बेस चांगलाय, म्हणून बॉक्स टेस्ट करायला लावतो. ह्या लाइनीतले समदेच डीजेवाले लावत्यात."

"समदे?"

"समदे! यवत, केडगाव, पार शिरूरपातुर. मागनं पोरं पुन्हा लावा म्हणत्यात."

आप्पांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. खोटं बोलतोय का, ते पाहत असावेत. मग एक खुर्ची ओढली, नेमकी बॉक्सच्या पुढ्यात ठेवली आणि बसले.

"लाव. पैल्यापास्नं."

गाणं सुरू झालं. आप्पांनी मागं न बघताच हात पुढं केला.

"वैशे, त्या कंपनीच्या साहेबाचा नंबर दे हिकडं."