फोटोतली ती मैत्रीण अकोटला सापडली

मंडळी, हे आजच घडलंय.

काल इथे, आपल्या ग्रुपवर, मी जुन्या स्टुडिओच्या जमान्यातल्या एका चित्रपटाचा फोटो टाकून विचारलं होतं, नायिकेमागे उभी असलेली मैत्रीण कोण? एकानं कळवलं, त्या बाई अकोटला राहतात. आज अमरावतीहून एसटीनं गेले.

ब्याण्णव वर्षांच्या आजींनी फोटो पाहिला आणि माझं मनगट गच्च धरलं. "कोनाले दाखोला हा? घरी कोनालेच मालूम नाही. मालकायलेबी नोतं सांगतलं." वारलेल्या यजमानांपासूनही त्यांनी हे लपवलं होतं.

आणि मी तर तो काल सगळ्यांसमोर टाकला होता. तेवढ्यात त्यांची सून मोबाइल घेऊन आत आली. मोबाइलवर तोच फोटो, कुणीतरी पुढे पाठवलेला! आजींना धाप लागली. यांना काही झालं तर, या भीतीनं मी पाण्याचा तांब्या शोधू लागले.

सून आपल्या सासऱ्यांबद्दल म्हणाली, "आत्याबाई, भेता कायले? मामाजीनं लग्नाआधीच पाह्यला होता तुमचा पिक्चर. मले सांगतलं होतं त्यायनं."

आजींनी फोटो पुन्हा जवळ घेतला. मग हळूच म्हणाल्या, "माहं काम कसं झालं म्हनत होते?"

त्यांना विचारूनच, नाव न देता हे लिहिलंय. फोटो काढून टाकलाय. पण सुनेला माहीत नसतं तर? विसरलेल्या नट्यांना आपण हौसेनं शोधतो. त्यांना सापडायचं आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय?