चमचाभर तीर्थ

ऑपरेशननंतर श्वासाची ट्यूब काढल्यावर पेशंटला मान उचलायला सांगायचं आणि पाच सेकंद मान वर राहिली तरच टेबलावरून हलवायचं, हे मी भूल देणारा डॉक्टर सगळ्या सिस्टरांच्या कानीकपाळी ओरडत आलोय. त्या दुपारी मीच ते केलं नाही. सेनगावकडची एकोणीस वर्षांची पोरगी, अपेंडिक्सचं ऑपरेशन छान झालेलं. तिनं डोळे किलकिले केले, हूं म्हणाली. मला वारंगा फाट्याला सिझेरियनसाठी पोचायचं होतं. "घ्या वॉर्डात," म्हणालो आणि बूट घालायला लागलो.

तेवढ्यात वॉर्डातून सिस्टर किंचाळली.

पळत गेलो. पोरीची छाती धडपडत होती, पण हवा आत जात नव्हती. ओठ काळेनिळे. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन एकोणसत्तर, मग चौसष्ट. घसा आतून गच्च आवळला होता. जबडा पुढे ओढून मास्क धरला, पण ऑक्सिजनची पिशवी दाबली जाईना.

"काय पाजलं हिला?" मी तिच्या आईवर खेकसलो.

"काही न्हाई सायेब. पानी बी न्हाई. तुमीच तं न्हाई म्हनले व्हते."

तिच्या मुठीत छोटी बाटली होती.

"मग हे काय?"

"देवीचं तीर्थ हाय. चमचाभर. पोरगी शुद्धीवर आली म्हनून देलं."

सक्शनच्या नळीनं घशातलं पाणी ओढून काढलं. सिस्टरनं स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. अठ्ठावन्न. देवा, एवढी वाचू दे, असं मी मनात म्हटलं. एरवी मी देवाच्या वाटेला जात नाही. आणि पिशवी एकदम हलकी लागली. छाती फुगली. सत्तर. ब्याऐंशी. अठ्ठ्याण्णव.

ती पुरती जागी होऊन "आये" म्हणाली, तेव्हा मी आईला व्हरांड्यात गाठलं. "मारायलाच निघाला होतात लेकीला!" आख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

खरं तर पुरतं जागं माणूस चमचाभर पाणी सहज गिळतं, फार तर ठसकतं. अर्धवट शुद्धीतल्या पोरीला टेबलावरून मी हलवलं होतं. हे मला माहीत होतं आणि दारात उभ्या सिस्टरलाही.

आई वाकली. माझ्या बुटांवर डोकं टेकवलं. "चुकलं माजं. तुमी व्हते म्हनून लेकरू वाचलं."

लाजेनं कानशिलं तापली. तरी मी म्हणालो, "पुन्हा असं करू नका."

"न्हाई करनार," ती म्हणाली, आणि बाटली माझ्यासमोरच मोरीत ओतली.