जोतीराममामा टोकियोला जातो

मंगळवार पेठेतला जोतीराम कोल्हापूर–मुंबई लक्झरी बस चालवतो. घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी त्याच्या चिमटीतला तंबाखू सांडत नाही. हा गडी विमानाला टरकतो असं कुणी म्हटलं असतं, तर पेठेनं त्यालाच येड्यात काढलं असतं. जोतीरामनं स्वतः तर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तो अंतराचं कारण सांगायचा.

त्याची धाकटी बहीण राजनंदिनी लग्न होऊन टोकियोला गेलेली. भाच्याच्या बारशाला तिनं बोलावलं, तेव्हा यानं हिशेब मांडला: मुंबईहून टोकियो सहा हजार सातशे किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या सतरा-अठरा खेपा. एवढ्या लांब माणूस जातो होय? पोराच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा तेच, वर मधल्या समुद्राची भर. आता तिसऱ्या वर्षी जावळ काढायचं ठरलं, आणि जावळ मामाच्या मांडीवरच काढतात. राजनंदिनीला रजा मिळेना, म्हणजे मांडीनंच तिकडं जायला हवं होतं.

फोनवर राजनंदिनीनं त्याच्या वर्मावर बोट ठेवलं. विमान मुंबईहून टोकियोला साडेआठ-नऊ तासांत येतं, तुझ्या बसला हायवेच्या कामात दादर गाठायलाच दहा लागतात. जोतीराम भडकला. प्रवासी त्याच्या गाडीला रोज बोलतात, पण सख्ख्या बहिणीनं बोलावं? विमान मधी च्याला कुठं थांबतंय, असं त्यानं विचारलं. थांबत नाही कळल्यावर निकाल देऊन टाकला, की जी बाजूला घेता येत नाही ती गाडीच न्हवं.

"मग ऱ्हाऊ दे, दादा," राजनंदिनी म्हणाली. "शेजारी तानाका आजोबा हायत. त्यास्नी पोराला मांडीवर घ्यायला सांगितलंय."

जोतीरामला जेवण गेलं नाही. तांबडा रस्सा समोर निवून गेला. त्याच्या बायकोनं, मीनाक्षीनं, त्याचा पासपोर्ट केव्हाच काढून ठेवला होता. तो तिनं ताटाशेजारी आणून ठेवला. हे शिव्या देण्यापेक्षा वाईट होतं.

विमानात सगळा वेळ त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. चहा आला, तो त्यानं परत पाठवला. न थांबणाऱ्या गाडीतला चहा त्याला पटेना. चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्याला रडू फुटलं, ते त्यानं जांभईत खपवलं.

जावळाच्या दिवशी पोरगं मांडीवर बसलं, कात्री बघितली आणि असं बोंबललं, की तानाका आजोबा दारात येऊन उभे राहिले. बापानं खुळखुळा वाजवला, आईनं खाऊ दाखवला. पोरगं ऐकेना. जोतीरामनं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"मी बी लई भ्यालतो रं इमानात," तो म्हणाला. "दोन वर्सं त्येच्याच भ्यानं आलो न्हाय. नुसतं बसून ऱ्हायाचं. सपतंय."

पोरगं काही गप्प बसलं नाही. राजनंदिनी मात्र हातातलं ताट खाली ठेवून बघत राहिली. दोन वर्षं तिला वाटत होतं, की दादानं आपल्याला मनातून काढून टाकलंय.