हयाशीसान अयुथयाला आल्या होत्या

"उन्हाचा त्रास झाला असेल" हे माझ्या मुलाने मला सांगून झालंय, तेव्हा कृपया पुन्हा नको.

या सदरातले अनुभव मी वाचते ते खोडून काढायला. जुन्या वाचकांना आठवत असेल, विहिरीवर दिसणाऱ्या दिव्यांच्या किश्श्याखाली मिथेन वायूवर लांबलचक प्रतिसाद लिहिणारी मीच. साताऱ्याच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. घरात देव आहेत, पण ते सासूबाईंचे. करणी, बाधा, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. आणि तरीही हे लिहितेय. कारण घडलंय.

माझा मुलगा केतन आणि सून सायली टोकियोत राहतात, ओजिमाला. केतन पोस्टडॉक आहे, सायली एका बँकेच्या आयटीत. सरकारी वसाहतीतली उंच इमारत, सातवा मजला. शेजारच्या दारात हयाशीसान. वय एक्क्याऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी आधी दोनदा तीन-तीन महिने तिकडे राहून आले होते. ही दोघं कामावर गेली की मी आणि हयाशीसान खाली बाकावर बसायचो. मला जपानी येत नाही, त्यांना मराठी सोडा, इंग्रजीही येत नाही. मी मराठीत बोलायचे, त्या जपानीत. हसू नका, छान चालायचं. कचरा वेगळा कसा करायचा ते मला त्यांनीच शिकवलं, आणि मी त्यांना थालीपीठ थापायला.

या वेळी असं ठरलं की मी मुंबईहून थेट बँकॉकला जायचं, ही दोघं टोकियोहून यायची, अयुथयाला तीन दिवस राहायचं आणि मग तिघांनी टोकियोला जायचं. अयुथया म्हणजे थायलंडची जुनी राजधानी. नाव आपल्या अयोध्येवरूनच आलंय. आता सगळीकडे भग्न देवळं — लाल विटांचे मनोरे, काही कललेले — आणि त्यांच्या अधेमधे गजबजलेलं, साधं गाव.

उतरलो होतो नदीकाठच्या एका गेस्टहाऊसमध्ये. खांबांवर उभं असलेलं जुनं सागवानी घर. वरच्या खोलीतून पलीकडच्या काठावरचे कळस दिसतात म्हणून सायलीने हौसेने ती घेतली होती. जिना एकदम उभा. मी गुडघ्यांचं कारण सांगून खालची खोली मागून घेतली. मालकीणबाईंनी लगेच दिली, वर लेमनग्रासचा चहाही आणून दिला.

गुडघे ठणठणीत होते. खरं कारण वेगळं होतं. पाच-सहा महिन्यांपासून मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं. कडेचं काहीच नाही, मधलं धुरकट. पायरीचा अंदाज यायचा नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरलासुद्धा नाही. साताऱ्याचं घर विकून पुण्यात नणंदेच्या शेजारी फ्लॅट घे, असं केतनचं कधीपासून चालू होतं. डोळ्याचं कळलं असतं तर माझं एकटं राहणं संपलंच असतं. विज्ञानाच्या बाईंचा हा शहाणपणा. म्हणा काय म्हणायचं ते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, वाट महाथाटला गेलो. 'वाट' म्हणजे देऊळ. झाडाच्या मुळांमध्ये अडकलेलं बुद्धाचं मस्तक फोटोत पाहिलं असेल तुम्ही, ते तिथलंच. तिथे ही गर्दी. केतन आणि सायली फोटोसाठी थांबले, मी सावली शोधत मागच्या बाजूला गेले. सकाळचे अकरा वाजले होते, नुकतंच घड्याळ पाहिलं होतं. भिंतीलगत बसलेल्या बुद्धांची रांग आहे तिकडे, सगळे बिनडोक्याचे. त्यांच्याकडे बघत चालताना डावा पाय वर आलेल्या विटेला अडकला आणि मी गुडघ्यावर आदळले. नडगी सोलवटली.

कुणीतरी कोपराला धरून उठवलं. बघते तर हयाशीसान.

निळी कापडी टोपी, हातांवर उन्हासाठी घालतात त्या लांब बाह्या. नेहमीच्याच. त्यांनी मला एका ओट्यावर बसवलं आणि माझ्या उजव्या बाजूला बसल्या. उजव्या, हे नीट वाचा. उजव्या डोळ्याने मला स्वच्छ दिसतं.

मला भीती वगैरे काही वाटली नाही. जपानी लोकांची एक मोठी बस बाहेर पाहिली होती, वाटलं त्यांच्याबरोबर आल्या असतील. योगायोगाचं आश्चर्य वाटलं, बस. आणि मग काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. मराठीत, नेहमीसारखं. डोळ्याचं सगळं सांगितलं. घर सुटेल ही धास्ती सांगितली. "कुणाला बोलले नाही हो," म्हटलं आणि रडले. त्यांनी आपला तळहात स्वतःच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्या जपानीत बरंच काही बोलल्या. त्यातला एकच शब्द मला कळला, ब्योइन. म्हणजे हॉस्पिटल.

तेवढ्यात मागून सायलीची हाक आली. "आई, कुठे आहात?" मी वळून हात केला. परत वळले तर शेजारी कुणी नव्हतं.

दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, "अरे, हयाशीसान भेटल्या मला. टूरबरोबर आल्यात वाटतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केतन म्हणाला, "आई, तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्या गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालंय. हॉस्पिटलमध्ये आहेत त्या."

"मग मी कुणाशी बोलले?"

"त्यांच्यासारखी दिसणारी कुणीतरी असेल. ऊन किती होतं. पाणी प्यायलीस का तू?"

मी ग्लासभर पाणी प्यायले. बोलणं काय झालं, ते अर्थातच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोळ्याचं बिंग फुटलं असतं.

टोकियोला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सायलीला हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. हयाशीसानना घरी सोडायचं की वृद्धाश्रमात, यावर बैठक होती आणि शेजारी म्हणून सायलीने यावं असा त्यांचा हट्ट होता. मीही गेले. खोलीत वृद्धांच्या देखभालीची व्यवस्था ठरवणाऱ्या केअर मॅनेजर बाई होत्या आणि कोबेहून आलेला पुतण्या, पन्नाशीचा, सभ्य माणूस. हयाशीसान चाकाच्या खुर्चीत. मला पाहून नेहमीसारखी मान झुकवली.

पुतण्या सायलीशी बराच वेळ बोलला. बोलता बोलता सायलीने एकदम माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"ते म्हणतायत, काकूंना आता एकटं ठेवता येणार नाही, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. गेल्या मंगळवारी दुपारी एक वाजता व्यायाम करून घ्यायला माणसं आली तर त्या उठेचनात. नाडी, ताप सगळं ठीक, पण वीस मिनिटं जाग नाही. आणि उठल्यावर नर्सला सांगायला लागल्या की मी अयुथयाला जाऊन आले." सायलीने त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं. "आई, तुम्ही पडलात, त्यांनी तुम्हाला उठवलं, असं म्हणतायत. आणि तुम्हाला डाव्या डोळ्याने दिसत नाही, पण तुम्ही घरात लपवलंय असं. आई... डोळ्याचं काय आहे?"

टोकियो थायलंडच्या दोन तास पुढे आहे. तिथले अकरा म्हणजे इथला एक. हा हिशोब मला करावा लागला नाही, तो आपोआप झाला.

मला दोन सोप्या वाटा होत्या. 'छे, काहीतरीच' म्हटलं असतं तर माझा डोळा, माझं घर आणि माझी आयुष्यभराची मतं, सगळं शाबूत राहिलं असतं. फक्त त्या खुर्चीतल्या बाईचं घर गेलं असतं. किंवा नुसतं डोळ्याचं कबूल करायचं आणि बाकीच्यावर गप्प बसायचं.

मी केअर मॅनेजर बाईंसमोर जाऊन उभी राहिले, उजवा डोळा हाताने झाकला आणि सायलीला म्हटलं, "यांना बोटं दाखवायला सांग." त्यांनी दाखवली. किती, ते मला सांगता आलं नाही.

सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रडायचं नंतर बघू. आता मी सांगते त्याचं भाषांतर कर, शब्दाला शब्द. हयाशीसान जे बोलल्या ते खरं आहे. हे मी फक्त यांनाच सांगितलं होतं, मंगळवारी, अयुथयाला. या तिथे कशा आल्या ते मला माहीत नाही. पण त्यासाठी यांना वेडं ठरवायचं असेल, तर त्याच कागदावर माझंही नाव घाला."

"आई, नक्की?"

"नक्की."

तिने सांगितलं. पुतण्या खाली बघत राहिला. केअर मॅनेजर बाई मात्र कामाच्या बाई. त्यांनी हयाशीसानना वार विचारला, तारीख विचारली, गोळ्या कोणत्या आणि कधी घ्यायच्या ते विचारलं. सगळं बिनचूक आलं. पुतण्याने फॉर्मवर स्वतःचं वय एक वर्षाने कमी लिहिलं होतं, तेही हयाशीसाननी दुरुस्त केलं. शेवटी ठरलं की बाथरूममध्ये दांडे बसवायचे, आठवड्यातून दोनदा मदतनीस यायची आणि तीन महिने घरी राहून बघायचं. पुतण्याने जाताना मला वाकून नमस्कार केला. त्याचा विश्वास बसला होता का? मला वाटत नाही. पण तो अडून बसला नाही.

तपासणीत मला काचबिंदू निघाला. डाव्याचं गेलेलं परत येणार नाही. उजव्यालाही सुरुवात झाली होती, मला पत्ताच नव्हता. आता दोन वेळा थेंब घालते. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर लपवलं असतं तर कठीण होतं. केतन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. साताऱ्याचं घर अजून माझंच आहे, भांडण चालू आहे.

हयाशीसान घरी आल्यावर मी सायलीला मध्ये बसवून त्यांना विचारलं, तुम्ही आलात कशा?

त्यांनी खूप विचार केला. "ते ठाऊक नाही," म्हणाल्या. "ऊन फार होतं, एवढं आठवतं. आणि तुमचं बोलणं मला पहिल्यांदाच सगळं कळत होतं. आता परत कळत नाही."

सहलीचं सायलीने त्यांना आधीच सांगितलं होतं, हे मान्य. नजर जाते तेव्हा काहींना नसलेली माणसं दिसतात, तेही मी वाचलंय. मी पायऱ्यांवर चाचपडते हे त्यांनी पूर्वी पाहिलं असेल म्हणावं, तर तेव्हा डोळा चांगला होता, पण असो. एकेक मुद्दा घेतला तर पटतो. सगळे एकत्र ठेवले की पटत नाहीत. माझ्याकडे उत्तर नाही आणि तुमच्याकडे असेल तर पुराव्यासकट द्या, मी वाचेन.

हे लिहिण्याआधी शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा? नका पाठवू. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, प्रयोग करताना मुलं पुस्तकातलं उत्तर बघायची आणि स्वतःचं रीडिंग खोडून तिथे ते लिहायची. त्याचे मी मार्क कापायचे. माझं रीडिंग हे असं आलंय. मी ते खोडणार नाही.