चेअरमनसाहेबांचा रिपीटर

मी दूध सोसायटीत सेक्रेटरी होतो, तेव्हा गावातला एक वायरमन वरचेवर भेटायचा. विजेची कुठलीही पेटी उघडण्याआधी तिला कान लावायचा आणि म्हणायचा, "बगतो, बगतो. आदी तिचं ऐकू द्या."

दुष्काळाच्या साली चेअरमनसाहेबांनी बंगल्यात नवी सोय केली. पलंगावरून बटण दाबलं की घरातल्या विजेच्या तारेतूनच सिग्नल जायचा आणि गेटवरचा दिवा लागायचा. सिग्नल लांब पोचावा म्हणून मध्ये रिपीटर होता. पण रोज सकाळी तासभर दिवा ऐकेचना. साहेबांनी अंबाजोगाईहून आणून रिपीटर दोनदा बदलला, शेवटी या वायरमनला बोलावलं.

आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात बाया टँकर मागायला बसल्या होत्या. साहेब कळवळून सांगत होते, "माय, माझाबी बोअर आटलाय."

यानं रिपीटरला कान लावला, मागच्या अंगणात जाऊन आला आणि सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाला, "साहेब, रिपीटर लई चांगला हाय. तुमच्या बोअरची मोटार चालली की लाइनीत खरखर येती अन् सिग्नल मरतो. मोटार बंद केलीय, आता बगा."

त्यानं आत जाऊन पलंगाजवळचं बटण दाबलं. भर सकाळी गेटवरचा दिवा लख्ख लागला. बाया साहेबांकडं बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "सगळ्यांसमोर कशाला बोललास रे?"

"त्यांनी बिघाड इचारला, मी सांगितला," तो म्हणाला. मग सायकलवर बसता बसता थांबला. "अन् साहेबांनी बोअरचा पाइप गेटबाहेर काढायचा म्हणलं, तर मला सांगा. नळाचं कामबी येतं मला."

चौथ्या दिवशी सांगावं लागलं.