इडलीपाशी हजर

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चार पोरं इडली खात बसली होती. एकाचा मोबाइल वाजला. “कोड आला रे, लावा हजेरी!” वर्गात बसलेल्या मित्राने तिथल्या पडद्यावरच्या हजेरीच्या कोडचा फोटो पाठवला होता. चौघांनी सांबार लागलेल्या बोटांनीच मोबाइलवर हजेरी लावली. “ताई, चटणी!” मी वाढली, पण शिसारी आली.

माझी शाळा सातवीत सुटली तेव्हा गुरुजी विचारायला घरापर्यंत आले होते. इथे नाव वर्गात आणि माणूस इडलीपाशी. बोलावंसं फार वाटलं. पण परमुलखात या कॅन्टीननेच मला सांभाळलंय, तेच सुटलं तर?

थोड्या वेळाने तोच तास संपवून, रिकाम्या बाकांपुढे बोलून घसा बसलेल्या मॅडम चहाला आल्या. त्या चौघांतलाच एक चटकन उठला, खुर्ची पुसत म्हणाला, “बसा ना मॅडम, दमला असाल.”

“गुणी आहेस रे,” मॅडम म्हणाल्या.

मी तोंड फिरवून चहा गाळला.