कतारवाले वस्ताद

सगळं माजलगाव आमच्या वस्तादांना 'कतारवाले' म्हणायचं, आणि वस्ताद उभ्या जन्मात मुंबईच्या पुढे गेले नव्हते. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, "किती वर्षं होतात हो तिकडं?" वस्ताद हातातल्या मोटरीवरून नजर न काढता म्हणायचे, "अजून जायचं हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, चेष्टा करतोय गडी. चेष्टा कसली डोंबलाची. त्या माणसाला खरंच जायचं होतं.

नाव पडलं ते पेढ्यांमुळे. ऐन तरुणपणी ते कतारच्या नोकरीची ट्रेड टेस्ट द्यायला मुंबईला निघाले होते. तिथे कंपनीचा साहेब येतो, त्याच्यासमोर काम करून दाखवायचं, पसंत पडलं तर व्हिसा. वस्तादांनी निघायच्या आधीच अख्ख्या मोंढ्यात पेढे वाटले. आपल्या हाताला कुणी नापास करील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आले ते नापास होऊन. आमच्याकडचे लोक प्रेमळ आहेत, पण असली संधी सोडण्याइतके नाहीत. तेव्हापासून शब्बीर हे नाव रेशनकार्डावर राहिलं आणि माणूस कतारवाला झाला.

त्यांचं दुकान म्हणजे जळालेल्या मोटरी भरून देण्याचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. धरणामुळे आमच्या भागात ऊस, ऊस म्हटला की विहिरीवर मोटर, आणि आमच्याकडची लाईट अशी की मोटर जळणार हे ठरलेलं. मी आयटीआय करून घरी बसलो होतो. वडिलांनी एक दिवस मला मोटारसायकलवर घातलं आणि वस्तादांपुढे उभं केलं. वस्तादांनी माझा कागद बघितला नाही. माझे हात बघितले, उलटे-सुलटे करून. "नखं काप आणि उद्या ये," म्हणाले. माझी मुलाखत झाली ती एवढीच.

कुठलीही वस्तू टाकून द्यायची म्हटलं की वस्तादांच्या जिवावर यायचं. शेतकरी दारात उभा, ऊस वाळतोय, नवं सामान बीडहून यायला उद्याचा दिवस जाणार. मग वस्ताद जळक्या स्टार्टरच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायचे, स्प्रिंग ताणून बसवायचे आणि मोटर चालू व्हायची. "नवी वस्तू कुणाला बी बसवता येती बे," हे त्यांचं बोलणं. "मेलेली उठवली तर कारागीर." गिऱ्हाईक गेल्यावर जरा वेळ ते रस्त्याकडे बघत बसायचे. खूश असायचे.

आणि नेमक्या ह्याच गुणावर त्यांना मुंबईत नापास केलं होतं. टेस्टला बिघडलेला स्टार्टर दिला होता, शेजारी नवा कोरा भाग ठेवला होता. बिघाड शोधा, जुनं काढा, नवं बसवा. वस्तादांनी नव्याला हातसुद्धा लावला नाही. जुनंच घासून-पुसून चालू करून दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले. साहेबाने फुली मारली. तिकडच्या कंपनीत दुरुस्ती चालत नाही, जुनं ते भंगारात, हे त्यांना तिथे कुणीतरी नंतर सांगितलं.

दुसरा कुणी असता तर चरफडत बसला असता. वस्तादांनी क्लास सुरू केला. शुक्रवारी नमाजानंतर दुकान अर्धं उघडायचं आणि ज्याच्या खिशात पासपोर्ट असेल तो यायचा. पाटोद्याकडून पोरं यायची, गेवराईची यायची. फळीवर स्टार्टर, शेजारी नवा भाग. "जुनं काढ. नवं बसव. जुन्याकडं बघू नको," असं ते मंत्रासारखं म्हणायचे. एखाद्याची नजर जुन्याकडे वळली की पेचकसाची मूठ बोटांवर बसलीच. "कावून बघितलं? ती तुझी आत्या हाय का?" पोरं हसायची, शिकायची, पास होऊन जायची. सगळे गेले की वस्ताद टाकलेला जुना भाग हळूच उचलायचे आणि घासायला बसायचे. मी बघतोय हे लक्षात आलं की म्हणायचे, "तू कशाला बघतो? तुला जायचं हाय, मला न्हाई."

खोटं बोलायचे. माझा पासपोर्ट आला तेव्हा एक दिवस त्यांनी गल्ल्याच्या खालून स्वतःचा काढला. नवा करून घेतला होता, मला न सांगता. "लोकं कतारवाले म्हणतात, ते एकदा खरं करावं म्हणतो," एवढंच बोलले. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि भाभी. भाभींना दमा होता, हवा बदलली की रात्र बसून काढायच्या. तरी "जाऊन या, मी बघते माझं," असं त्याच म्हणाल्या होत्या. वस्तादांची दाढी तोवर पांढरी व्हायला लागली होती. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आम्ही दोघे एकाच दिवशी टेस्टला बसलो. माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी जुनं काढलं, टाकलं, नवं बसवलं, हात वर केला. मग बाजूला बघितलं. वस्तादांनी जुना भाग काढला होता. नवाही उजव्या हातात घेतला होता. पण डोळे डाव्या हातातल्या जुन्यावर होते. मला ओरडावंसं वाटत होतं, वस्ताद, बघू नका. त्यांनी नवा भाग हलकेच टेबलावर ठेवला, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि घासायला लागले. दुकानात बसल्यासारखे, मान तिरकी करून.

साहेब भला होता. मोटर चालू झालेली बघून त्याने मानही डोलावली. "उस्ताद, काम बढ़िया है. लेकिन हमारे यहाँ रिपेअर नहीं करते," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. वस्तादांनी पेपर घडी करून पुन्हा खिशात ठेवला. मी पास झाल्याचं कळलं तेव्हा मला मिठी मारणारे पहिले तेच होते. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं. ज्याने शिकवलं तो मागे आणि मी पुढे, ह्याला काय अर्थ आहे.

परतीच्या एसटीत नगर मागे पडलं. तेव्हा वस्ताद म्हणाले, "लई चांगला भाग होता बे तो. अजून दोन हंगाम गेला असता." आणि थोड्या वेळाने, "घरी मी बोलतो. तू तुझं पास झाल्याचं सांग, माझं काई सांगू नको." मी मान हलवली. नंतर माझ्या मुंबईच्या खेपा सुरू झाल्या, मेडिकल, व्हिसा, हे ते, आणि दुकानात बसणं तुटलं. त्यांनी घरी काय सांगितलं हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

निघायच्या दिवशी ते स्टँडवर आले. भाभींनी भाकरी आणि तीळ-लसणाची चटणी बांधून दिली होती, ती माझ्या मांडीवर ठेवली. बाहेरून खिडकीची कांब धरून म्हणाले, "तिकडं काई दुरुस्त करू नको." मी हो म्हणालो. "न्हाई, खरंच सांगतो. हात शिवशिवतील तुझे. माझ्यापाशी शिकलास तू." गाडी हलली तरी कांब सोडेनात. कंडक्टर खेकसला तेव्हा सोडली.

कतारमध्ये मी आजही तेच काम करतो. काढायचं, टाकायचं, नवं बसवायचं. दर शुक्रवारी सुट्टीला मी फोन करायचो आणि वस्तादांचा पहिला प्रश्न असायचा, "ह्या आठवड्यात काय फेकलं?" मी सांगायचो. एकदा सांगितलं, आख्खा पंप फेकला, नुसतं सील गेलं होतं. "अरे, अरे," एवढंच म्हणाले, कुणी गेल्याचं कळावं तसं. मग हसायला लागले. तिथे माझ्या आसपास माणसं पुष्कळ होती, पण मी काय करतो हे कळणारा माणूस फोनवर एकच होता.

ते गेले ते भर उन्हाळ्यात, दुकानातच. छातीत कळ आली आणि संपलं. गावाकडच्या एकाने आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पमध्ये मला सांगितलं तोवर दफन होऊनही गेलं होतं. रजा मिळाली नाही. मी त्या दिवशी कामावर गेलो, आणि त्या दिवशी माझ्या हातून काहीच फेकलं गेलं नाही. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि जुनी वस्तू घासत बसलो, रडत.

पुढे रजेवर आलो तेव्हा सगळ्यांत आधी भाभींकडे गेलो. अंगणात खाटेवर बसल्या होत्या. चहा झाला, माझ्या घरच्यांची चौकशी झाली. मग त्या अचानक म्हणाल्या, "दत्ता, माझ्यापायी त्यांची जिंदगी त्या दुकानात गेली रे."

मला कळेना. "असं कावून म्हणता?"

"खरंच हाय ते. तुमी दोघं पास झालता. तू गेलास. ते मला म्हणले, तुझ्या दम्याला एकटं टाकून कसा जाऊ, मीच न्हाई म्हणून आलो. सगळी गल्ली म्हणती, हिच्यापायी वस्ताद अडकले. मी मेले असते तर बरं झालं असतं. गेले तरी असते ते एकदा."

इतकी वर्षं ही बाई हे ओझं घेऊन श्वास ओढत होती. वस्तादांनी लाज झाकायला आणि थोडं प्रेमानेही काहीतरी सांगून टाकलं असणार. त्याचं हिच्या मनात काय होईल हे त्यांना सुचलं नसणार. त्यांनी मला बोलू नको म्हणून बजावलं होतं. पण समोर जिवंत माणूस जळत होतं. मी सांगितलं. नवा भाग कसा हातात घेतला, कसा ठेवला, खिशातून काय काढलं, साहेब काय म्हणाला, सगळं. "तुमच्यामुळं न्हाई, भाभी. त्यांना नापास केलं होतं."

भाभी ऐकत राहिल्या. पॉलिश पेपरचं सांगितलं तेव्हा किंचित हसल्यासारख्या वाटल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "हे अजून कुणाला म्हाईत हाय?"

"मला एकट्याला."

"मंग कुणाला सांगू नको. दुसऱ्यांदा नापास झाले म्हणून लोकं हसतील त्यांना." त्यांना धाप लागली होती, जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझ्यापायी राहिले म्हणतात ना, तसंच म्हणू दे."